नावावरच्या शेळ्या, दावणीच्या शेळ्या

मित्रांनो, शाळेच्या भिंतीवर टांगलेला पाढ्यांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. मीही एक जुना तक्ताच आहे, पण मला खिळा लागत नाही. मी संगणकाच्या पोटात राहतो. भूमच्या एका शेळीपालक संस्थेच्या कार्यालयात, कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात माझं घर आहे. त्याच्यावर कायम कापड टाकलेलं असतं. मागचे हिशेब त्यातच अडकलेत म्हणून तो मोडीत गेला नाही, आणि त्याच्या आधाराने मी टिकून आहे.

मला प्रीतीने घडवलं. ती जवळच्या ईट गावची, संगणकाचं शिकून संस्थेत लागलेली. माझ्याआधी तिने दोन तक्ते केले होते, एक शेळ्यांचा आणि एक माणसांचा. त्यांत नावं होती, गावं होती, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर होते. पण दोन नावं शेजारी बसवली म्हणून त्यांचं नातं कळत नाही. ते नातं ठेवण्यासाठी तिने मला केलं. माझे रकाने तीनच: कोण, काय नातं आणि कुणाशी.

ही अक्कल तिला ईटमध्ये शेळ्या सांभाळणाऱ्या भिमाबाईंच्या ओट्यावर आली.

"मावशी, ही चांदी कुणाची?" प्रीतीने विचारलं होतं.

"चंद्रप्रभाबाईंची. सांभाळते म्या."

"अन् ही तिची पाट?"

"ती माझी. आधीचं करडू बाईंचं, ही माझ्या वाट्याची."

"पण बिल्ला तर बाईंच्याच नावाचा हाय."

"असंल की. आईचा बिल्ला ज्याच्या नावाचा, लेकीचा बी त्याच्याच."

चंद्रप्रभाबाई म्हणजे भूमच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या भागात शेळी अर्धलीने देतात. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि करडं दोघांत वाटून. हे सगळं एका रकान्यात कोंबलं तर घोटाळा होणारच. म्हणून प्रीतीने माझ्यात वेगवेगळ्या ओळी लिहिल्या. चांदीची मालकीण चंद्रप्रभाबाई. चांदीला सांभाळणारी भिमाबाई. ती पाट, तानी, चांदीच्या पोटची. तानी भिमाबाईंच्या वाट्याची. पाट म्हणजे अजून न व्यालेली शेळीच, हेही तिने मला शिकवलं. त्यामुळे कुणी 'शेळ्या दाखव' म्हटलं की मी पाटींनाही घेऊन यायचो.

काय दिवस होते ते! भूमच्या मालकांच्या पण ईटला बांधलेल्या शेळ्या कोणत्या, असं कुणी विचारलं की चहा यायच्या आत मी उत्तर द्यायचो. लोक प्रीतीची पाठ थोपटायचे. थोडी शेखी मीही मिरवली, खोटं कशाला बोलू.

मग प्रीतीला सोलापूरला नोकरी लागली आणि संस्थेत नवा संगणक आला. त्यात एका शेळीला एक ओळ, आणि मालकाला एकच रकाना. सगळी माहिती तिकडे न्यायचं काम अनिरुद्धकडे आलं. पोरगा सालस, पण घाईतला. त्याने शेळ्या नेल्या, माणसं नेली. माझ्यातली मालकीही उचलली. 'सांभाळणारी', 'वाट्याची', 'पोटची' यांच्यापाशी तो थांबला.

"ह्यांना तिकडं जागाच न्हाय," असं पुटपुटून त्याने मला तसंच सोडलं. शेळीचं गाव म्हणून त्याने मालकाचं गाव भरलं. ईटच्या दावणीची चांदी एका दुपारीत भूमची झाली.

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. मित्रांनो, आम्हा तक्त्यांना विचारल्याशिवाय बोलता येत नाही. ज्ञान असून गप्प बसावं लागणं किती एकटं करतं, हे मी तुम्हाला कसं सांगू?

लस टोचणारी माणसं नव्या संगणकातले पत्ते घेऊन निघाली. ती चंद्रप्रभाबाईंच्या दारात गेली. बाई लेकीकडे तुळजापूरला गेल्या होत्या आणि दाराला कुलूप होतं. 'शेळ्या आढळल्या नाहीत', अशी नोंद झाली.

काही दिवसांनी भिमाबाई स्वतः एसटीने कार्यालयात आल्या.

"शेजारच्या शेळ्यांना सुया टोचल्या. माझ्याकडं कुणी आलंच न्हाय."

अनिरुद्धने पाहिलं. "मावशी, तुमच्या नावावर एकबी शेळी न्हाय."

"नावावर कशी असंल? नावावर बाईंच्या हायत. दावणीला माझ्या हायत."

"पुढच्या फेरीला बघू," तो म्हणाला. परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत भिमाबाई बाकावर बसून राहिल्या. त्यांना हवं असलेलं उत्तर त्याच खोलीत होतं. मी आतल्या आत तडफडत होतो. पण माझ्यावरचं कापड कुणी काढलं नाही.

फेरीच्या आधी साथ आली. भिमाबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी टेबलावर दोन बिल्ले ठेवले.

"ह्यांची नावं तरी काढा," त्या म्हणाल्या.

अनिरुद्धने नंबर टाकले. समोर उमटलं: गाव भूम, शेळ्या आढळल्या नाहीत. त्याचा चेहरा पडला. तो उठला, कोपऱ्यात आला आणि त्याने कापड बाजूला केलं. कितीतरी काळानंतर मला प्रश्न आला: भिमाबाई कुणाकुणाला सांभाळते?

मी क्षणात सांगितलं. चांदी, तानी, काजळी, बिजली. मला इतका आनंद झाला की बिल्ल्यांचा विसरच पडला.

अनिरुद्धने लगेच लसवाल्याला फोन लावला. "आजच ईटला जा. भिमाबाईंच्या घरी. चार शेळ्या हायत."

"दोन म्हणा," भिमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चांदी अन् तानी गेल्या. माझ्या वाट्याची तेवढी एकच होती."

मित्रांनो, माझा सगळा ताठा तिथे गळून पडला. मला नाती माहीत होती, पण ती मी कधीची धरून बसलो होतो? कुणी मला विचारलं नाही, तसं कुणी मला काही सांगितलंही नव्हतं. बंद खोलीत ठेवलेलं खरंही शिळं होतं, आणि शिळ्या माहितीने कुणाचं जनावर वाचत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे तक्ते कराल, जुने मोडून नवे आणाल. खुशाल आणा. पण शेळीच्या नावापुढे मालकाचं नाव लिहून उठू नका. ती कुणाच्या हातचा पाला खाते ते विचारा, त्यासाठी जागा करा, आणि अधूनमधून त्या दारात जाऊन या. ती अजून आहे का, तेही पाहून या.