झाडूवाला ट्रक

शनिवारी सकाळी रोझविथाने, माझ्या बायकोने, निर्वाणीचं सांगितलं, "ओटमार, ईस्टरपासून आपण ताटल्या मांडीवर घेऊन जेवतोय. तुझा हा ट्रक आज एक तरी उपयोगाचं काम करेल, नाहीतर टेबलावरून थेट तळघरात जाईल!"

तळघर म्हणजे ओल आणि बटाटे. खेळण्यातल्या ठोकळ्यांचा ट्रक असला म्हणून काय झालं? मी त्याच्या मोटरपासून एक दांडा पुढच्या बंपरपर्यंत काढला होता, म्हणजे पुढे जे अवजार लावू ते फिरणार. फक्त अवजार सुचत नव्हतं. तेवढ्यात आमच्या दाराला लटकणारी पाटी दिसली. आमच्या श्टुटगार्टात जिना झाडायची पाळी दर आठवड्याला फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी.

बाटल्या धुवायचा ब्रश आडवा बसवला आणि ट्रक जिन्याच्या चौकात उतरवला. समोरच्या हेफेले बाई दारात उभ्याच होत्या. दुसऱ्यांची पाळी तपासणं हा त्यांचा जुना छंद.

"आता खेळण्याने झाडणार? लाज सोडलीत?"

"बघा तर खरं," म्हणत मी बटण दाबलं.

ट्रक ऐटीत निघाला. झाडू मात्र उलटा फिरत होता! सगळी धूळ ट्रकखालून मागे, थेट बाईंच्या पॉलिश केलेल्या बुटांवर.

"अहो, हे झाडणं आहे की सूड?"

मी घाईघाईने मध्ये आणखी एक दातेरी चाक अडकवलं. झाडू सुलटा झाला. ट्रकने अख्खा चौक झाडत धूळ सुपलीत नेऊन घातली. मला अगदी भरून आलं.

हेफेले बाई चष्मा लावून वाकल्या. कठड्यामागे बोट फिरवून त्यांनी ते माझ्या नाकासमोर धरलं. "कोपरे राहिलेत."

संपलं, म्हटलं. मी ट्रक उचलून तळघराच्या पायऱ्यांकडे वळलो.

"थांब!" रोझविथा दारात आली होती. हेफेले बाईंचं ते 'कोपरे राहिलेत' लग्नापासून तिने ऐकलं होतं, माझ्यापेक्षा जास्त वेळा. तिने माझ्या हातातून ट्रक घेतला आणि नेऊन जेवणाच्या टेबलावर अगदी मधोमध ठेवला.

"कोपऱ्यांसाठी बाजूला आणखी एक झाडू लाव," ती म्हणाली. "जागा कमी पडली तर माझं शिवणाचं टेबलही घे."