नेवेनाचं विरजण

वेलिचकोचं दही इतकं घट्ट लागायचं, की एकदा त्याचं गाढव उघड्या मडक्यात पाय देऊन पलीकडे गेलं आणि सायीवर खुराची खूणसुद्धा उमटली नाही. हे मी कुणाला सांगत नसे. शेजाऱ्याची तारीफ आपल्याच तोंडानं कोण करत बसणार?

तो शहाऐंशीचा, मी चौऱ्याऐंशीचा. तो कुंपणावरून उडी मारायचा आणि मी फाटक शोधत बसायचो.

मग प्लोव्दिव शहरातून डेसिस्लावा नावाची संशोधक बाई आली. माणसाच्या आतड्यातले सूक्ष्म जीव हा तिचा विषय. गेलं शतक अणूचं होतं, हे शतक पोटातल्या या मंडळींचं, असं ती म्हणाली. म्हातारपण लांबवायची किल्ली त्यांच्याकडेच सापडणार. आमच्या रोडोपीच्या डोंगरात माणसं शंभरी गाठतात ती घराघरातल्या विरजणामुळे, असा तिचा कयास. प्रत्येक घरानं दह्याची एक बरणी द्यायची आणि जुन्या मडक्याच्या भेगेतली सुकी खपली तिला खरवडू द्यायची. सगळ्यात गुणी जिवाणूला त्याच्या घराचं नाव मिळणार आणि ते जगभरच्या औषधाच्या बाटल्यांवर छापलं जाणार.

झालं. परदेशातली माणसं सकाळी उठून वेलिचकोचं नाव वाचणार आणि मी इथं फाटक शोधत बसणार.

खरी अडचण वेगळीच होती. माझी बायको नेवेना अकरा वर्षांपूर्वी गेली आणि तिच्यामागे तिसऱ्याच आठवड्यात विरजण माझ्या हातून मेलं. तेव्हापासून मी दुकानातलं दही आणून गुपचूप तिच्या मडक्यात ओतत होतो. कुणाकडे मागायची सोय नव्हती. आमच्याकडे विरजण घराबाहेर देत नाहीत. त्याच्याबरोबर घराची बरकत जाते. लग्न होऊन जाणाऱ्या लेकीला तेवढं देतात.

म्हणून चोरलं. दुपारच्या दुधाला वेलिचको मेंढ्यांकडे गेला, तसा मी त्याच्या घरात शिरलो. दाराला कडीही लावलेली नव्हती. एक चमचा उचलला, घरी दूध विरजलं आणि बरणीवर 'स्पास' असं माझं नाव लिहून दिली.

दोन महिन्यांनी डेसिस्लावा परत आली. गावच्या गुत्त्यात सगळ्यांसमोर तिनं आम्हा दोघांना पुढे बसवलं. प्रयोगशाळेतल्या एका टकल्या उंदराला आमचं दही चारलं, तर त्याला आयाळ फुटली आणि मांजर त्याला वाट देऊ लागलं, असं तिच्या गाडीवाल्यानं मला सांगितलं. ती स्वतः एवढंच म्हणाली, की सगळ्यात गुणी जिवाणू दोन बरण्यांत निघाला, वेलिचकोच्या आणि माझ्या. माझे कान गरम झाले.

तिचं बोलणं संपलं नव्हतं. हा जिवाणू पिढीगणिक किंचित बदलतो, त्यावरून त्याची वंशावळ वाचता येते. स्पास आजोबांच्या बरणीतलं विरजण वेलिचको आजोबांच्या घरून आलंय, अगदी अलीकडे. (इथं सगळा गुत्ता हसला.) पण वेलिचकोचं विरजण मुळात स्पास आजोबांच्याच मडक्यातलं. खपलीवरून दिसतं, साधारण चाळीस वर्षांपूर्वी ते तिथून निघालं. म्हणजे मान स्पास आजोबांच्या घराचा.

जिंकलो होतो. कुणीतरी राकिया दारूचा पेला माझ्यापुढे सरकवला. तो तसाच राहिला. चाळीस वर्षांपूर्वी त्या मडक्याला हात लावणारी घरात एकच होती.

"तिनं दिलं तुला?" मी वेलिचकोला विचारलं.

"दिलं."

"लेक लागत होतास का रे तिची?"

"माझं दही लागत नव्हतं त्या साली," तो म्हणाला. "आणि तिला तुझा भरवसा नव्हता. म्हणाली, माझ्यामागे स्पास महिनाभरात याला मारेल, एका जागी तरी जिवंत असू दे. तो ताठ आहे, मागायला यायचा नाही. चोरायला येईल. मी गेले की दाराला कडी लावू नकोस." त्यानं पेला रिकामा केला. "अकरा वर्षं लावली नाही. कुत्र्यानं तीनदा चीज नेलं, लेका. फार उशीर केलास."

बायको माझी, मला पुरतं ओळखून होती, आणि ते तिनं सांगितलं त्याला.

डेसिस्लावानं वही उघडली. कोणतं नाव लिहू, तिनं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वेलिचको हळूच बोलला, "नेवेना लिही, पोरी."

'स्पासची नेवेना' नाही. नुसतं नेवेना. रोज मनात म्हणून गुळगुळीत झाल्यासारखं. माझ्या डोळ्यांपुढे ती बाटली आली. वर तिचं नाव आणि खाली बारीक अक्षरात, वेलिचकोच्या घरी चाळीस वर्षं जपलेलं. जगबुडीपर्यंत दोघं एकाच चिठ्ठीवर.

"वेलिचको लिही," मी म्हणालो. "नुसतं वेलिचको. वर-खाली दुसरं कुणी नको."

तिनं लिहिलं. गावाला वाटलं, स्पासचं मन केवढं मोठं. पाद्री तर उठून माझ्या गळ्यात पडला. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

घरी जाताना वेलिचको माझ्या फाटकापाशी थांबला. मग म्हणाला, चोरलेलं एव्हाना तू मारलंच असशील, उद्या ये, विरजण देतो.

"येतो," मी म्हणालो. "पण मडक्यातून मीच काढणार. तू बाहेर थांबायचंस."