मागच्या बाजूने आलेल्याला गार पाणी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, काळी म्हणा. मोडीत काढा म्हणालात तर मात्र चटका देईन. मी एक किटली आहे, उरुग्वे नदीकाठच्या सान्ता लुसेरो गावातल्या फुटबॉल क्लबची. एका पत्रेवाल्याने मला लेकीच्या लग्नात द्यायला घडवलं. लेकीने नाक मुरडलं. "असली बोजड कोण उचलणार?" म्हणाली. मग त्याने मला क्लबला देऊन टाकलं. नुकसान तिचं झालं, माझं नाही.

क्लबच्या मागे कपडे धुण्याची खोली आहे. तिथे दोन्या नेलिदा, म्हणजे आमची नेलिदाबाई, तीस वर्षं खेळाडूंच्या जर्सी धुते आहे. चुलीवर मी असते. सराव संपला की पोरं येतात. भोपळ्याच्या तुंब्यात येर्बाची कडू पत्ती, वर माझं गरम पाणी, आणि एकाच नळीने सगळ्यांनी पाळीपाळीने ओढायचं. ओतण्याचा मान नेलिदाचा. अध्यक्षांनी पाळी मोडली तरी ती ऐकवते, "आईने रांग शिकवली नाही वाटतं!"

माझ्या पाण्याचं फार कौतुक झालं. पुढे क्लब खालच्या गटात घसरला, कोणी फिरकेना, मी गंजाने लाल झाले. नेलिदाने मला वाळूने खसाखसा घासून पुन्हा चुलीवर चढवलं. "क्लब पडलाय, आपण नाही," म्हणाली.

एल्बियो सोसा हा आमचा डावखुरा खेळाडू, एकवीस वर्षांचा. त्याच्या कराराचे चौदा महिने उरले होते. नियम साधा आहे. करारातला खेळाडू हवा असेल तर आधी त्याच्या क्लबला पत्र लिहायचं, होकार घ्यायचा, मग खेळाडूशी बोलायचं. करार संपायला सहा महिने उरले की थेट बोलायची मोकळीक. नेलिदाला जेमतेम सही येते, पण हा नियम तिला प्रार्थनेसारखा पाठ.

एका मंगळवारी वाळत घातलेल्या जर्सींच्या आडून एक माणूस आत शिरला. बारेतो त्याचं नाव, राजधानीतल्या एका बड्या क्लबचा दलाल. खोलीत नेलिदा, एल्बियो आणि मी. धोबीण म्हणून त्याने नेलिदाला जमेसच धरलं नाही. तिथेच चुकला.

"इथे किती दिवस कुजणार, एल्बियो?" त्याने कागद पुढे सरकवला. "सही कर. तारीख रिकामी ठेव, ती मी मागाहून घालीन. उद्यापासून गुडघा दुखतो म्हण, सरावाला जाऊ नकोस. दोन महिन्यांत तुझे अध्यक्षच वैतागून तुला सोडतील."

"आणि कळलं तर? माझ्यावर बंदी येईल."

"कळणार कसं? सांगणार कोण?"

"मी," नेलिदा म्हणाली.

बारेतो हसला. "दोन्या, तुम्ही कपडे पिळा."

"पिळतेच आहे. पिळायला आणखी एक आलाय."

पण एल्बियोने पेन उचललं होतं. त्याच्या डोळ्यांत राजधानीच्या स्टेडियमचे दिवे पेटले होते. मी रागाने उकळत होते. तेवढ्यात नेलिदाने मला खाली उतरवलं, माझं पाणी ओतून टाकलं आणि बादलीतलं गार पाणी माझ्यात भरलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी खुशीने गार झाले. पाळी एल्बियोची होती. तरी तिने ते गार पाणी तुंब्यात ओतून तुंबा बारेतोच्या हातात दिला.

त्याने नळी ओढली आणि त्याचे कान लाल झाले. आमच्याकडे वैऱ्यालाही गरमच देतात. गार तुंबा म्हणजे ऊठ आणि चालू लाग. हे राजधानीतही ठाऊक आहे.

"हा अपमान आहे, दोन्या!"

"पोचला ना? मला वाटलं, शहरात राहून विसरलात."

एल्बियो तुंब्याकडे बघत राहिला. त्या खोलीत त्याला कधी कोणी गार दिलं नव्हतं. सगळे सामने हरलो त्या वर्षीसुद्धा नाही. त्याने पेन खाली ठेवलं.

"सेन्योर, माझा गुडघा ठणठणीत आहे. क्लबला पत्र लिहा."

"पत्र कधीच येणार नाही. लिहून ठेव!"

"नाही तर नाही."

आणि खरंच नाही आलं. खोटं कशाला सांगू? एल्बियो चिखलाच्या मैदानांवर खेळत राहिला. कट्ट्यावरचे शहाणे त्याला मूर्ख म्हणाले, नेलिदाला आगाऊ म्हातारी म्हणाले. "मूर्ख तर मूर्ख," ती म्हणायची, "त्याची पाळी आहे, ओढू दे त्याला."

पाचव्या महिन्यात पाराग्वेतल्या एका मधल्या क्लबचं पत्र आलं, अध्यक्षांच्या नावे. अध्यक्ष ते घेऊन कपड्यांच्या खोलीत आले. नेलिदाने दोनदा वाचून घेतलं. "परवानगीचं वाक्य जरा हळू," म्हणाली.

बडा क्लब नव्हता तो. सही केली असती तर कुठे असता, असं लोक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल, काळी आहे तशी बरी आहे. दिलेला शब्द मात्र राखेने घासून लख्ख ठेवा, आणि तारीख नसलेल्या कागदाला हात लावू नका.

अध्यक्षांनी होकार कळवला आणि एल्बियो भर दुपारच्या बसने निघाला. त्याची ट्रंक अध्यक्षांनी स्वतः टपावर चढवली. बस सुटली तेव्हा कट्ट्यावरच्या शहाण्यांनाही उठून हात हलवावा लागला.