आंबवड्याला निघालेली गाडी

"वायर गेली," हाशिम मिस्त्री म्हणाला. ड्रायव्हरच्या सीटशेजारची खिट्टी त्याने पुन्हा वर ओढून पाहिली. ती हलकीच वर येत होती, हाताला ताण म्हणून लागत नव्हता. "खिट्टी घट्ट असती तर म्हटलो असतो झाकण गंजून बसलंय. ही तर सैल पडलीय. वायर तुटलीय, न्हाईतर निसटलीय."

पप्पू ड्रायव्हर वैतागून उभा होता. गॅरेजसमोरच्या पंपावर पेट्रोल भरायला गाडी लावली आणि टाकीवरचं झाकणच उघडेना. पंपावरचा माणूस स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला निघाला होता, पण गाडी मालकाची. रंगाला ओरखडा गेला असता तर पप्पूची नोकरी गेली असती. काटा तांबड्याच्या खाली टेकला होता. अजून भोर गाठायचं होतं आणि त्याच्याही पुढे आंबवडे.

"किती येळ लागंल?"

"डिकीतनं हात घालावा लागंल. मागची शीट पुढं घ्यावी लागंल," हाशिम म्हणाला, आणि मागच्या काचेतून आत बघून थांबला.

मागच्या सीटवर एक म्हातारी पाय दुमडून आडवी झाली होती. अंगावर घोंगडी. डोकं नवऱ्याच्या मांडीवर. म्हाताऱ्याने एका हाताने तिचा खांदा धरला होता.

"दवाखान्यातनं?" हाशिमने विचारलं.

"व्हय," म्हातारा म्हणाला. "घरी न्या म्हणाले."

 पुण्याच्या दवाखान्यात हाशिमलाही कोणीतरी असंच सांगितलं होतं. बायकोला, मासूमाला, तेव्हा त्याने टेम्पोत गादी टाकून भोरला आणलं होतं. ती पोचली. आपल्या घरात, आपल्या उशीवर गेली. त्याला दोन वर्षं होत आली होती. लेक अम्रीन लग्न होऊन सासरी गेलेली. हाशिम रोज सकाळी भोरहून एसटीने कापूरहोळच्या फाट्यावर यायचा, दिवसभर गाड्यांखाली लोळायचा आणि संध्याकाळी कुलूपबंद घरी परतायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री लई बोलत न्हाईत आता. मासूमा घरी पोचली, एवढी एक गोष्ट मात्र तो मनाशी धरून होता.

"बाबा, आजींना जरा खाटेवर घेऊ. शीट हलवल्याबिगर हात जात न्हाई."

म्हाताऱ्याचं नाव चिमाजी. बायको ठकुबाई. हाशिमने आणि त्याने मिळून तिला उचललं. हाशिमला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच हलकी निघाली. गॅरेजच्या दारात, पत्र्याच्या सावलीत हाशिमची दुपारी पडायची खाट होती. तिच्यावर तिने पाय लांब केले.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "गाडीत आखडलं हुतं." मग मान वळवून तिने रस्त्याकडे पाहिलं. "कुठं आलो?"

"कापूरहोळ. आता ह्यो फाटा वळला की आपलाच रस्ता," चिमाजी म्हणाला.

"भात काडलं का वो आपलं?"

"काडलं की. समदं काडलं. पेंढा रचायचा ऱ्हायलाय, तुला दाखवून रचतो."

पप्पू मालकाला फोन लावायला एसटीडी बूथकडे गेला. हाशिमने सीट पुढे घेतली, डिकीच्या कडेचं पुठ्ठ्याचं अस्तर सोडवलं आणि आत बॅटरी मारली. वायर टोकाशी तुटलेली होती. झाकण अडवून धरणारी खीळही गंजून अडकली होती. त्याने खिळीवर तेल सोडलं, थोडं थांबला, पकडीने धरून ओढली. खीळ हलेना.

"बाबा," त्याने आतून हाक दिली, "जरा हिकडं येता का? झाकण भायेरनं दाबून धराय पायजे. दाब आला की खीळ मोकळी हुईल."

चिमाजी उठला. "आलोच," तो ठकुबाईला म्हणाला. तिने डोळ्यांनीच होकार दिला.

शेतकऱ्याचा रुंद तळवा झाकणावर टेकला. आतून हाशिम ओढत होता. "दाबा. सोडा. आता परत दाबा." पकड दोनदा निसटली. हाशिमने बोटं पुसली, पुन्हा तेल सोडलं. चिमाजी सगळं अंग टाकून झाकण दाबत होता, जणू तेवढ्यावरच सगळं अडलं होतं. तिसऱ्यांदा आत टक्क झालं आणि झाकण त्याच्या हाताखाली उसळलं.

"ठके, उघडलं बघ," तो वळून म्हणाला. "निघू आता."

ठकुबाईचं तोंड रस्त्याकडेच होतं. हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता.

चिमाजी जवळ गेला. त्याने तो हात उचलून तिच्या पोटावर ठेवला. मग खाली बसला. हाशिम हात पुसत आला, ओणवा झाला, तिच्या नाकाशी बोटं नेली आणि तसाच थांबला.

"म्या उतरवाय नको हुतं," तो हळूच म्हणाला.

"न्हाई मिस्त्री. बरं वाटलं म्हणाली की ती." चिमाजीचा आवाज शांत होता. "म्याच उठलो. एवढा दवाखान्यात रातंदिस बसून हुतो, आन आत्ता उठलो."

बूथच्या बाजूने पप्पू येताना दिसला. चिमाजीने हाशिमचं मनगट धरलं. "ह्यो निघतानाच म्हणालाय, वाटंत काय झालं तर गाडी पुढं न्यायची न्हाई. मालकाची ताकीद हाय. हितं रस्त्यात कुठं ठिवू तिला? घरी लेकी वाट बघत्यात."

हाशिमने पप्पूकडे पाहिलं, मग चिमाजीकडे.

"डोळं मिटा त्यांचं," तो म्हणाला. "खांद्याकडनं म्या धरतो."

पप्पू पोचला तेव्हा दोघं तिला गाडीत बसवत होते. या वेळी आडवी नाही. बसवली, चिमाजीच्या अंगावर रेलून.

"झालं?" पप्पूने विचारलं.

"झालं. आजींना झोप लागलीय, बोलू नका," हाशिम म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज हलला नाही. खिळीला त्याने तारेचा तुकडा बांधून दिला आणि डिकीतून ओढायची कशी ते पप्पूला दाखवलं. तो पंपावरही सोबत चालत गेला, स्वतःच तार ओढून झाकण उघडलं. पेट्रोल भरेपर्यंत मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. मनातल्या मनात त्याने तिच्यासाठी दुआ मागितली.

पप्पू सीटवर बसला. मागे न बघताच म्हणाला, "काच वर घ्या काका. काकींना वारं लागंल."

"असू दे," चिमाजी म्हणाला. "गावाकडचं वारं हाय."

पप्पूचा हात किल्लीवर थांबला. त्याने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टेप बंद केला.

"हळू घेतो काका," तो म्हणाला.

गाडी भोरच्या रस्त्याला वळली. हाशिमला मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एकमेकांना टेकलेली. वाऱ्याने तिचा पदर घसरत होता, आणि चिमाजी तो पुन्हा डोक्यावर नीट घेत होता.