केबलची उलटी बाजू

आमच्या सायकलच्या दुकानात दोन मेकॅनिक, दोघे सख्खे भाऊ. मी थोरला. सात महिने आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो. एकाच छताखाली, दोन हातांच्या अंतरावर, रोज नऊ तास. पाना हवा असला तर मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "तेवढा त्यांच्याकडून पाच नंबरचा घ्या हो." गिऱ्हाईक बिचारं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत पाना आणून द्यायचं. लोक हसायचे. हसू देत, म्हटलं.

कारण ऐकाल तर तुम्हीही हसाल. धाकटा कुठल्याशा कंपनीचं सहा दिवसांचं ट्रेनिंग करून आला, सर्टिफिकेट फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगलं आणि तिसऱ्याच दिवशी भर दुकानात एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "दादाचं सगळं जुगाडावर चालतं. आणा इकडे, मी कंपनीच्या पद्धतीनं करून देतो." ज्याला मी पंक्चर काढायला शिकवलं, ज्याची बोटं चेनमध्ये अडकली तेव्हा दवाखान्यात धावत नेलं, तो. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

आता सायकलचं सांगतो. माझ्या लेकीला सगळे भिंगरी म्हणतात, ती शर्यतीत उतरते. तिची सायकल वीस वर्षांची. फ्रेम चांगली, हलकी, पण बाकी सगळा बारा गावचा माल. हँडलवरचा गिअरचा खटका एका कंपनीचा, मागचा डिरेलर, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा तो सांगाडा, दुसऱ्याच कंपनीचा आणि तोही जुना. खटका एकदा दाबला की तो ठरावीक केबल ओढतो, आणि तेवढ्या ओढीत डिरेलर बरोबर एक चकती सरकायला हवा. हिचा सरकायचा नाही, दर खटक्याला केसभर कमी पडायचा. लहान चकत्यांवर जुळवलं की मोठ्यांवर चेन अधांतरी, आणि मोठ्यांवर जुळवलं की लहानांवर खडखडाट. चढावर लागतात त्या मोठ्या चकत्या.

आणि तिला चढच चढायचा होता. रविवारी सायकल संघाच्या निवडीची शर्यत होती. पहिल्या चौघी घेणार. राहण्या-खाण्याची सोय, प्रशिक्षक, नवी सायकल, सगळं संघाचं. वयाची अट तेवीस, आणि भिंगरीला दोन महिन्यांनी चोविसावं लागणार. म्हणजे हीच काय ती संधी, नाहीतर जन्मभर औषधाच्या दुकानातलं काउंटर. पाच वर्षं ती पहाटे उठून साठ किलोमीटर मारून मग त्या काउंटरवर आठ तास उभी राहत होती. आम्ही नवी सायकल घेऊन देऊ शकलो नाही, हे तिनं कधी तोंडातून काढलं नाही.

तीन संध्याकाळी मी त्या डिरेलरशी झुंजलो. चौथ्या दिवशी सुचलं. डिरेलरवर केबल एका बोल्टखाली आवळतात, तिच्यासाठी तिथं खाच असते. मी ती खाच सोडली आणि केबल बोल्टच्या उलट्या बाजूनं घेतली. पकड चार मिलिमीटर आत सरकली, आणि तेवढ्यानं डिरेलर दर खटक्याला थोडा जास्त हलायला लागला. कमी पडत होता तेवढाच. भिंगरीला म्हटलं, बस. ती समोरचा चढ दोनदा मारून आली. नवाच्या नवा गिअर लोण्यासारखे पडत होते. "बाबा, आता मला कुणी धरत नाही," म्हणाली. मला इतका आनंद झाला की धाकट्याला हाक मारून दाखवावं असं क्षणभर वाटलं. नाही दाखवलं. जुगाड म्हणाला असता.

शनिवारी दुपारी सायकल स्टँडवर चढवून ठेवली आणि मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर धाकटा तिच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला. मी दारातच थबकलो. "काय करतोयस?" एवढंच विचारायचं होतं. पण मी आधी तोंड उघडलं असतं तर सात महिने पाण्यात. तो उठला, हात पुसले, स्वतःच्या जागेवर गेला. तेवढ्यात भिंगरी आली, शर्यतीच्या ठिकाणी जाणारा टेम्पो बाहेर उभा होता, सायकल उचलली आणि गेली. तपासतो थांब, असंही मी म्हणालो नाही.

रविवारी आम्ही दोघेही गेलो होतो. अर्थातच वेगवेगळे. शेवटचा चढ संपतो तिथं मी रस्त्याच्या या बाजूला, तो त्या बाजूला. भिंगरी तिसरी होती. चढ लागला, तिनं खटका दाबला. चेन चढेना. पुन्हा दाबला. चेन दोन चकत्यांच्या मध्ये कडकड करत राहिली आणि ऐन जोर लावला तेव्हा सटकली. पाय रिकामा फिरला, सायकल डुगडुगली, पडता पडता सावरली ती. तिच्या डोळ्यांदेखत एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. ती सहावी आली.

रडली नाही. सायकल उलटी करून मागचा डिरेलर बघितला आणि विचारलं, "केबल खाचेत कुणी घातली?"

धाकटा पुढे आला. "मी घातली. उलट्या बाजूनं आवळली होती गं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात, हे असं कधी करायचं नाही. म्हटलं, दादाची नजर चुकली असेल, शर्यतीत सुटली तर पोरगी पडायची. स्टँडवर फिरवून बघितली, ठीक चालत होती." मग त्याला तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं. तो माझ्याकडे वळला. "दादा, तू मुद्दाम लावली होतीस?"

सात महिन्यांनी तो माझ्याशी बोलत होता. मी म्हणालो, "हो."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि तिथंच कडेच्या कठड्यावर बसला. माझा चेहरा बघवत नसावा त्याला. मला मात्र त्या घडीला, लाज वाटते सांगायला, जिंकल्यासारखं वाटत होतं. बघा म्हणावं तुमची कंपनीची पद्धत.

भिंगरीनं विचारलं, "काका हे करत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"चहाला गेलो होतो."

"आणि आलात कधी?"

मी गप्प. तिला माझं गप्प बसणं लहानपणापासून पाठ आहे.

"तुम्ही बघितलंत."

"मला वाटलं, तो चेनला तेल देतोय."

"त्याच्या हातात तेलाचा डबा होता?"

"पाना होता," मी म्हणालो.

"मग? खरं सांगा, बाबा. एकदाच."

तिच्या गुडघ्यांवर धूळ होती, पोटऱ्या अजून थरथरत होत्या. कसलंही खोटं तिला पटलं असतं. नजर कमी झालीय म्हटलं असतं तरी तिनं माझा हात धरला असता. पण ती एकदाच म्हणाली होती, म्हणून मी खरं सांगितलं. "वाटलं, करू दे. चुकला तर कळेल त्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडली नव्हती. चिडली असती तर मी काहीतरी बोलू शकलो असतो.

"काकाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

मग तिनं हेल्मेट काढलं, कठड्याशी गेली आणि रडत बसलेल्या धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल काका, घरी जाऊ," म्हणाली.

तो उठला, माझ्यासाठी क्षणभर थांबला. ती थांबली नाही.