झेंड्याचा डावा कोपरा

सिग्रिडबाई झेंडा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी आधी माझी कात्री कुठे आहे ते पाहिलं.

अमेरिकेत, बेलव्ह्यूला आमच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. वय ऐंशी, आजोळ नॉर्वेचं. मी ओळखीतल्या बायकांचे ब्लाउज सैल-घट्ट करून देते, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. शिवण मला कुणी शिकवली नाही. जुने कपडे उसवून उसवून आली.

"सात जूनला आमच्या नॉर्वेवाल्यांच्या हॉलमध्ये लावायचाय," त्या म्हणाल्या. "नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्याला शंभर वर्षं होतायत. कडा विरल्यात, तेवढ्याच शिव. डाव्या कोपऱ्याला हात लावू नकोस."

असं म्हटलं की माझा हात आधी तिथंच जातो.

सोबत टाइप केलेलं कार्ड होतं. वेगळे होण्याआधी दोन्ही देशांचा राजा एकच. नॉर्वेच्या झेंड्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात त्या जोडणीची खूण असायची, स्वीडनच्या पिवळ्या-निळ्यासकट. सिग्रिडबाईंच्या आजीनं १८९५ साली ती भर चौकात कात्रीनं कापली आणि लाल तुकडा बसवला.

"मी इथेच बसते," म्हणून त्या बसल्या. माझे यजमान मोरेश्वर डोकावून मराठीत म्हणाले, "चहा टाकू, की पंचनाम्याला माणसं बोलावू?"

कोपरा जाड लागला. कापून तुकडा बसवला तर कापड एकेरीच हवं. दोराही चकचकीत, पॉलिएस्टरचा; १८९५ सालचा नव्हेच. मी झेंडा खिडकीपाशी धरला.

"खाली काहीतरी आहे."

"अस्तर."

"पिवळं?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "कुणाला सांगणार आहेस?"

"मी तुमच्या हॉलमध्ये कुणाला ओळखते?"

"कात्रीची गोष्ट आईनं सांगितली. ती गेल्यावर झेंडा काढला, तर तुकडा निघून हातात आला. खूण अख्खी. मीच शिवून टाकलं. तीस वर्षं तीच गोष्ट सांगतेय मी. आता कमिटीतला ओल्सेन विचारतोय, कापलेला तुकडा कुठंय?"

"उसवू?"

हो म्हणाल्या नाहीत. "हळू," म्हणाल्या.

खूण खरंच अख्खी होती. पण तिच्या भोवती सुईची भोकं, एक रांग नाही, रांगांवर रांगा. वाढत्या मुलीच्या परकराची टीप दरवर्षी सोडावी, तशी. मी त्यांच्या हातात भिंग दिलं.

"हा तुकडा एकदा नाही लावलेला. लावलाय, काढलाय, परत लावलाय. आजोबा काय करायचे?"

"पोस्टात होते. सरकारी." मग सावकाश म्हणाल्या, "सतरा मेला, आमच्या राज्यघटनेच्या दिवशी, गावात मिरवणूक निघायची."

"तेव्हा लावायचा. साहेब यायच्या आत काढायचा."

"म्हणजे आजी भित्री होती."

"भित्रीनं एकदा काढल्यावर परत लावलाच नसता," मी म्हटलं. "एवढी भोकं आहेत, बाई."

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. कोपऱ्याच्या चारही बाजू बघून झाल्यावर कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला माझ्याकडे पेन मागितलं.

"तीन बाजू शिव. खालची मोकळी ठेव. ओल्सेनला उचलून बघू दे."

मी सुती लाल दोरा ओवला. चार टाके झाले नसतील, त्यांनी हात पुढे केला.

"सुई मला दे. तुझे टाके फार सारखे येतात, आजीचे वाटायचे नाहीत. त्याला संशय येईल."