पलंगवाल्याची बास गिटार

“अतिया! सरसाचं भांडं उतू चाललंय!” मी तिसऱ्यांदा ओरडले. माझा नवरा चार हातांवर पाठमोरा बसलेला, ढिम्म हलला नाही. शेवटी पायातली चप्पल काढून त्याच्या पाठीवर भिरकावली, तेव्हा कुठे वळला.

“हाक मारायची ना गं, इन्साफ,” तो मला म्हणाला.

आता या माणसाला काय म्हणायचं?

चाळीस वर्षं तो करवतीच्या यंत्रापुढे उभा राहिला. आमच्या दुम्यात शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुली त्याच्या पलंगावर झोपल्या असतील, असं मी म्हटलं की लाजायचा. कोरीव कठडे, सोनेरी वर्ख, सगळं त्याच्या हातचं. वसंतात डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेले ते गेले. जाड आवाज तेवढे उरलेत, तेही फार दिवस टिकायचे नाहीत. म्हणजे चिमण्या गेल्या, फोनची घंटा गेली आणि मी गेले. माझी बहीण म्हणाली, “नशीबवान आहेस, आता काय हवं ते बोल.” मला हसू आलं नाही. मी मोरीत जाऊन रडले.

अतिया रडला नाही. घरी येऊन त्याने जाहीर केलं की तो बास गिटार बनवणार. तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये तो दुसऱ्याची बास वाजवायचा. “तिचा आवाज अजून येतो गं मला. छातीत येतो. सगळं जायच्या आत आपल्या साखरपुड्यातली धून एकदा माझ्या वाद्यावर वाजवायचीय.”

“आयुष्यात कधी वाद्य केलंयस?” त्याला ओठ दिसतील अशी समोर येऊन मी विचारलं.

“लाकूडच तर आहे!”

एका पलंगाचं बीच झाडाचं लाकूड उरलं होतं, त्यातून धड निघालं. मान तासली. पण पठ्ठ्याला दम कुठला! पहाटे उठून सरस वाळला का बघायचा, सांधा आवळून धरणारे शिकंजे वेळेआधी सोडायचा, सांधा उकलला की पुन्हा चिकटवायचा. जेवताना घास हातात धरून उठायचा. रोज सकाळी मी बोटाने कानाकडे खूण करून विचारायची. तो म्हणायचा, “जाड आवाज आहे अजून. आज आहे.” मग कुठे माझ्या घशाखाली चहा उतरायचा.

जूनमध्ये तारा चढल्या, आवाज मोठा करणारी विजेची पेटीही जोडली. गल्लीच्या टोकाला ऊद हे तंतुवाद्य शिकवणारे उस्ताद वगदी राहतात, त्यांना बोलावलं. ते मूळचे कैरोचे, त्यामुळे दारातूनच दुम्यातकरांच्या कंजूषपणाची थट्टा सुरू. “चहा मिळणार, की दुम्यातच्या रीतीने रिकाम्या पोटीच ऐकायचं?”

“आधी ऐका, मग बघू,” मी म्हणाले.

अतियाने पहिली तार मोकळी छेडली. टेबलावरचे पेले थरथरले. लग्नात नव्हता असा चेहरा झाला होता त्याचा! मग तो बोट दाबत वर सरकला. उस्तादांची भुवई चढली. तिसऱ्या सुराला त्यांनी कानावर हात ठेवला. मलासुद्धा कळत होतं, काहीतरी भयंकर बेसूर चाललंय. अतिया मात्र हसत वाजवत होता.

उस्तादांनी त्याचा हात धरून थांबवलं आणि मानेवरच्या पडद्यांकडे बोट दाखवलं. “हे कशाने मोजलेस?”

अतियाने अभिमानाने खिशातून कर्कटक काढलं. “याने. एकूण एक अंतर सारखं. केसाचा फरक निघाला तर मिशी उतरवीन.”

“अरे बाबा, हा काय पलंगाचा कठडा आहे?” उस्ताद त्याच्या तोंडासमोर ओरडले. “तारा टेकतात त्या घोडीकडे जाताना पडदे जवळ जवळ येत जातात! इतकी वर्षं वाजवायचास, तेव्हा डोळे कुठे होते?”

अतियाने त्या देखण्या, एकसारख्या रेघांवरून बोट फिरवलं. “बोटांना माहीत होतं, उस्ताद,” तो म्हणाला. “पण मोजायला घेतलं आणि हात सुताराचे झाले.”

दुसऱ्या दिवशी त्याने पकडीने सगळे पडदे उपटले. मला वाटलं, आता वाद्य चुलीत जाणार. पण उस्ताद म्हणाले, “खाचा बुजव. आमच्या ऊदाला कुठे असतात पडदे? कान सांगेल तिथे बोट ठेवायचं.”

कान! तोच तर भरवशाचा नव्हता. मग मी कान झाले. अंगाईसुद्धा धड न गायलेली बाई मी. रोज दुपारी त्याच्यासमोर बसायची. हात वर केला की बोट वर, खाली केला की खाली, मूठ वळली की बरोबर. “वर रे, वर! गाढवा!” मी ओरडायची आणि तो खुशाल मान डोलवायचा. हळूहळू त्याने हनुवटी लाकडावर टेकवून वाजवायला सुरुवात केली. “असं जास्त ऐकू येतं,” म्हणायचा. मी विश्वास ठेवला.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, दिवस मावळायला अवकाश असताना, दुकानाबाहेर खुर्च्या मांडल्या. सगळी गल्ली आली. अतियाने हनुवटी टेकवली आणि आमच्या साखरपुड्याची धून सुरू केली. मी मूठ वळून बसले होते, ती उघडावीच लागली नाही. अर्ध्यावर त्याने डोळे मिटले.

आणि वीज गेली. त्याच्यामागच्या आवाजाच्या पेटीचा लाल दिवा विझला. धून मध्येच तुटली.

अतिया वाजवतच राहिला.

डोळे मिटलेले, पाय ठेका देतोय, बोटं मानेवर वरखाली होतायत. लोक एकमेकांकडे बघू लागले. उस्ताद अर्धवट उठले. जाड आवाज आहे अजून, आज आहे. किती सकाळी खोटं बोलला होता हा माणूस माझ्याशी?

मी हाताने सगळ्यांना बसवलं. त्याच्याजवळ गेले, वाकले आणि तारांना कान लावला. अगदी हलका, पेटीशिवायचा आवाज येत होता. एकही सूर चुकला नव्हता.

धून संपवून त्याने डोळे उघडले. लोक टाळ्या वाजवत होते. उस्ताद तर उभे राहून, हात उंच धरून वाजवत होते, त्याला दिसावं म्हणून.

अतियाने कपाळ पुसलं आणि जरा अपराध्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “आवाज फार मोठा ठेवला होता का गं? शेजाऱ्यांना त्रास झाला असेल.”

मी त्याच्या अगदी समोर उभी राहिले, ओठ नीट दिसावेत अशी.

“मोठा होता,” मी सावकाश म्हणाले. “पार नदीपर्यंत गेला असेल.”